काटा कुणी तपासायचा?

आमचे आबा ऊस कारखान्यात घालायच्या आधी ट्रॉली बाहेरच्या काट्यावर घालून पावती घेतातच, कारण एका सिझनला दोन पावत्यांत लई फरक पडलेला आणि विचारलं तर उत्तर काय, "वाटेत वाळला असंल". तेव्हापासनं काटामारी हा घरातला रोजचा शब्द.

परवा गंगावेशीत दूध प्यायला गेलतो, तिथं मित्र म्हणाला ऑस्ट्रेलियात हेरखात्यावर पण इन्स्पेक्टर असतोय. असतोय की! १९८६ चा कायदा आहे, इन्स्पेक्टर जनरल ऑफ इंटेलिजन्स अँड सिक्युरिटी, कसलीबी फाईल मागवतोय, माणसाला शपथेवर बोलतं करतोय. त्याच्या नजरेखालच्या खात्यांतलं एक मला भारी वाटतंय, ऑफिस ऑफ नॅशनल इंटेलिजन्स, २०१८ पर्यंत नाव ऑफिस ऑफ नॅशनल असेसमेंट्स. ह्यांचं मुख्य काम म्हंजे बाकीच्या खात्यांनी आणलेल्या माहितीचं वजन करून पंतप्रधानाला सांगायचं. काटाच की हो! आणि अहवालात काय लिहायचं हे वरनं कुणी सांगायचं नाही असं कायद्यातच आहे.

पण इन्स्पेक्टर असताना पण घोळ झालाच. मार्च २००३, इराकवर हल्ला व्हायच्या काही दिवस आधी ह्याच वजन करणाऱ्या खात्यातला अँड्र्यू विल्की नावाचा अधिकारी राजीनामा देऊन बाहेर पडला, म्हणाला युद्ध करण्याएवढा धोका नाही. ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावानं युद्ध झालं ती शेवटपर्यंत सापडली नाहीत. २००४ ला फिलिप फ्लड ह्यांनी हेरखात्यांची चौकशी केली, त्यात निघालं की माहितीच तोकडी होती, पण काट्यावर कुणी राजकीय दाब टाकल्याचा पुरावा नाही. विल्कीचं म्हणणं मात्र वेगळं, सरकारनंच फुगवून सांगितलं. म्हंजे पावतीवर एक वजन आणि स्पीकरवर दुसरंच, तिथं इन्स्पेक्टर काय करणार? (हा विल्की पुढं २०१० ला खासदार झाला बरं का.)

आबांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "आणि आपल्याकडं?"

आपल्याकडं आयबी १८८७ पासनं, रॉ १९६८ पासनं, पण दोन्हीला स्वतःचा कायदा नाही आणि माहिती अधिकारातनं भ्रष्टाचार, मानवी हक्क सोडून बाकी सगळी सूट. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारींनी २०११ ला देखरेखीचं खासगी विधेयक आणलेलं, ते तसंच राहिलं.

"म्हंजे बाहेरचा काटाच न्हाई," आबा म्हणाले आणि ट्रॉलीवाल्याला फोन लावला.