'भावना दुखावल्या' असं लिहा

आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडी बाजारात बसणाऱ्या मुस्लिम विक्रेत्यांची यादी फिरली. नावं, कोण कुठे बसतो, दोघांचे तर मोबाइल नंबरही. खाली लिहिलेलं: यांच्याकडून काही घ्यायचं नाही, पुढच्या बाजाराला दिसले तर उठवायचं. यादीत शेगड्या दुरुस्त करणाऱ्या चाचांचंही नाव होतं. ते वारले त्याला तीन वर्षं झाली.

"तुला कशाला नसती उठाठेव?" घरच्यांचं पहिलं वाक्य. तरी अर्ज लिहून पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मॅडम, यात 'माझ्या धार्मिक भावना दुखावल्या' एवढं टाका. मग कलमात बसतं."

पण माझ्या भावनांना काहीच झालं नव्हतं. मी हिंदू, यादीत माझं नाव असायचा प्रश्नच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं १५३अ, हे गटागटांत वैर पसरवण्याबद्दल आहे. धार्मिक भावनांचं कलम वेगळं, २९९. मी ते वाक्य घातलं नाही. त्याऐवजी 'ठरावीक धर्माच्या विक्रेत्यांना बाजारातून हुसकावण्याची चिथावणी' असं लिहिलं. त्यांनी खांदे उडवले, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. ती पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.

पुढे पुराव्याची गंमत. मी स्क्रीनशॉट नेला होता. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव होतं 'टाकी साफ', कारण माझ्या फोनमध्ये तो तसाच सेव्ह. हवालदारांनी दोनदा वाचून विचारलं, "हे टाकी साफ कोण?" तेव्हा नंबर, तारीख, वेळ दिसेल असं चॅट काढून द्या आणि मूळ मेसेज फोनमधून अजिबात उडवू नका. शिवाय भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा-अक्षरांचा कोड, द्यायची. हे भरून देणारा माणूस शोधण्यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

गुन्हा लगेच दाखल झाला नाही. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५मध्ये, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत अशी चौकशी करणंच योग्य. मला चीड आली. बाजार तर दर आठवड्याला भरतो!

तेवढ्यात 'टाकी साफ'च्या भाच्याने माझ्याविरुद्ध अर्ज दिला. ग्रुपवर मी लिहिलं होतं, 'देवाच्या नावाने गरिबाच्या पोटावर पाय देताय, लाज वाटू द्या.' त्यामुळे म्हणे त्याच्या भावना दुखावल्या. मलाही जबाब द्यावा लागला, आणि त्याच चौकशीमुळे माझ्यावर थेट गुन्हा पडला नाही. वकील मैत्रिणीने हातकणंगल्याचं प्रकरण सांगितलं. ३७० कलम हटवलं तो 'काळा दिवस' असं स्टेटस ठेवल्याबद्दल तिथल्या एका प्राध्यापकावर २०२२मध्ये १५३अ लागलं होतं. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला, शेवटी ७ मार्च २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तिथे कसोटी लावली ती नागपूरचे न्यायमूर्ती विव्हियन बोस यांची: शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, जिथे तिथे धोका हुंगणाऱ्याच्या नव्हे.

मला ही कसोटी पटते. माझ्या देवाला कोणी नावं ठेवली तर ठेवू द्या, मी उत्तर देईन किंवा दुर्लक्ष करीन. पण नाव, जागा, नंबर आणि 'उठवा' हे मत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द करताना २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असा फरक केला होता, ही यादी तिसऱ्यात मोडते. अमेरिकेत १९६९च्या ब्रँडेनबर्ग निकालानुसार चिथावणीतून लगेच बेकायदा कृत्य घडण्याची शक्यता लागते. 'पुढच्या बाजाराला' म्हणणारा तिथे बहुधा सुटला असता. आपल्याकडे तो सुटू नये असं मला वाटतं.

माझ्याविरुद्धचा अर्ज निकाली निघाला, यादीवर गुन्हा नोंदला गेला. आता गाडी मंजुरीवर अडलीय. कलम १९६ची दखल कोर्टाला सरकारच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. मैत्रीण म्हणते, हीच अट उद्या तुलाही वाचवेल. वाचवेल, पण कुणाचं बोलणं कोर्टापुढे जाणार हे मग सरकार ठरवणार, आणि यादीतल्या माणसांची सरकारदरबारी ओळख कोण? फाइल कुठवर पोचली हे विचारायला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.