जुन्या पिकअपच्या इंजिनातली टकटक: पाना लावण्याआधी काय तपासायचं

जुन्या पिकअपच्या इंजिनात ठोका ऐकू आला की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: बेअरिंग गेलं, इंजिन खोलावं लागणार. पण एकदा इंजिन खोललं की हेड गॅसकेट, सील, ऑइल, कूलंट हे सगळं नवीन लागतंच, आवाज कशाचाही निघो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं) फाटलेलं गॅसकेट, गळकं नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा सैल पुली यांचा ठोकाही हुबेहूब बेअरिंगसारखा वाटू शकतो आणि हे तिन्ही दोष इंजिन न उतरवता दुरुस्त होतात. म्हणून पैसे मोजकेच असतील तर एक अख्खी सकाळ फक्त ऐकण्यासाठी ठेवा. सकाळच, कारण इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं.

सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीपासून. गाडी सपाट जागेवर हवी. पातळी कमी असेल तर टॅपेटचा (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज येऊ शकतो; ऑइल भरून पुन्हा ऐका, बाकीचं नंतर. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल, पेट्रोल किंवा पाणी उतरतंय. इंधन मिसळलेलं ऑइल बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं पातळ लागतं, वासही येतो. पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं. असं ऑइल बदलल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी खरी उतरत नाही.

आता थंड इंजिन सुरू करा आणि आवाज कसा बदलतो ते लिहून ठेवा. पहिले दोन-तीन सेकंद खडखड होऊन ती थांबली तर टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) किंवा रिकामे झालेले हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने फट भरणारे). पोकळ टपटप सुरू होऊन इंजिन तापताना हळूहळू विरली तर पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतोय. पिस्टन फुगला की मधली फट भरते. मॅनिफोल्डची गळतीही तापल्यावर कमी होते, कारण लोखंड प्रसरण पावून फट दाबली जाते. उलट बिग एंडचा (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जिथे जोडतो त्या बेअरिंगचा) ठोका तापल्यावर वाढतो, कारण गरम ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगमधली ऑइलची गादी कमकुवत पडते. हा एक फरक नीट टिपला तरी अर्धं काम झालं.

मग वेग. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर क्रँक सेकंदाला साधारण १३ फेरे घेतो आणि कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्मे. टॅपेटची टिकटिक कॅमच्या वेगाने चालते, बिग एंडचा ठोका क्रँकच्या वेगाने. नुसत्या कानाने हे मोजणं अवघड आहे. प्लगच्या वायर असलेल्या पेट्रोल गाडीत टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारी बत्ती) एका वायरला लावली की काम सोपं होतं. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत ती दोन फेऱ्यांत एकदाच चमकते. एका चमकेला एक आवाज असेल तर कॅमचा वेग, दोन असतील तर क्रँकचा. इथे एक गोष्ट हमखास फसवते: एकाच सिलिंडरच्या मॅनिफोल्डमधून धूर फुटत असेल तर तोही दोन फेऱ्यांत एकदाच फुटतो, म्हणजे बरोबर टॅपेटच्या चालीने. टॅपेट सेट करूनही (वॉल्व्हवरची फट जुळवूनही) टिकटिक जात नसेल तर सगळ्यात आधी मॅनिफोल्डचे स्टड (तो हेडला धरून ठेवणारे बोल्ट) बघा. तुटलेल्या स्टडजवळ हेडवर काळ्या काजळीची रेघ उमटलेली असते.

जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक धातूवर, मूठ कानापुढच्या हाडावर. रॉकर कव्हर, ब्लॉकची बाजू, ऑइल चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं), टायमिंग कव्हर, अल्टरनेटर, वॉटर पंप असं फिरत जा. धातूतून आवाज लांबवर जातो, म्हणून एका जागेवर विश्वास ठेवू नका. चारही सिलिंडरपाशी तेच बिंदू ऐकून तुलना करा. हवेच्या गळतीला स्क्रूड्रायव्हर निरुपयोगी आहे. तिथे मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी आणि दुसरं जोडावरून हळू फिरवा. बाही, गमछा, मोकळे केस पंख्यापासून लांब ठेवा. हे गृहीत धरून चालत नाही, सांगावंच लागतं.

फॅनबेल्टची बाजू वेगळी काढणं फुकटात होतं. बेल्ट उतरवा आणि इंजिन ३० ते ४० सेकंद चालवा. आवाज थांबला तर दोष अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा टेन्शनरमध्ये. प्रत्येक पुली हाताने फिरवली की खरखर बोटांना कळते. बेल्ट नसताना वॉटर पंप फिरत नाही, म्हणून यापेक्षा जास्त वेळ चालवू नका. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो. बेल्टविना गाडी जागची हलवायची नाही. बेल्ट नुसताच किंचाळत असेल तर चालत्या बेल्टवर थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. थोडा वेळ गप्प होऊन पुन्हा सुरू झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत. क्लचचंही इथेच उरका: पेडल दाबल्यावर आवाज येतो तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर जातो तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

सगळ्यात बोलकी चाचणी म्हणजे एकेक सिलिंडर बंद करून ऐकणं. पेट्रोलमध्ये प्लगची वायर काढा, पण ती उघडी सोडू नका. जादा प्लग लावून त्याची बॉडी इंजिनाला टेकवा, नाहीतर कॉइल जाऊ शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर काही सेकंदच. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करतात. चष्मा आणि हातमोजे घालून, वर फडकं धरून. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) हे कधीही करू नका. तिथला दाब १००० बारच्या वर जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते.

एक सिलिंडर बंद केल्यावर ठोका बराच मऊ झाला तर त्याच सिलिंडरचं बिग एंड किंवा पिस्टन. पिस्टन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या खिळीचा) आवाज मात्र अनेकदा कमी न होता दुहेरी होतो. डिझेलमध्ये ठोका साफ नाहीसा झाला तर माझा पहिला संशय नोझलवर असतो. नोझल गळकं असलं की डिझेल थेंबाथेंबाने पडतं, एकदम पेटतं आणि घणासारखा आवाज देतं. ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा, खाली नवीन कॉपर वॉशर टाकून. आवाज नोझलबरोबर सरकला तर बेअरिंगला हात लावायचं कारण उरलं नाही.

टॅपेट सेट करताना एक चूक वारंवार होते. रॉकरचं (वॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचं) टोक वर्षानुवर्षं वॉल्व्हच्या दांड्यावर आपटून त्या टोकावर उथळ खळगा पडतो. फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पट्टी खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकते, आतली खोली तिला कळत नाही. समजा गेज ०.२५ मिमी दाखवतंय आणि खळगा ०.१० मिमीचा आहे, तर खरी फट ०.३५ मिमी. सेटिंग बरोबर, आवाज तसाच. गेजची पट्टी वॉल्व्हच्या दांड्यापेक्षा अरुंद कापून घ्या म्हणजे ती खळग्यात बसते. रॉकर काढून टोकावरून नख फिरवलं तरी काठ जाणवतो. चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्याचे दोन्ही वॉल्व्ह एकदम हलत असतील तेव्हा पहिल्याचे सेट करायचे आणि पहिल्याचे हलताना चौथ्याचे, दुसरा-तिसरा तसेच. फट किती आणि गरम इंजिनावर की थंड, हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

एवढं करूनही संशय बिग एंडवरच राहिला तर ऑइल बदला आणि काढलेला फिल्टर फेकू नका. त्याचा डबा पत्र्याच्या कात्रीने कापा. हॅक्सॉने कापलात तर करवतीचाच कीस आत पडेल आणि निदान चुकेल. आतला घडीचा कागद उलगडून फडक्यात पिळा आणि उन्हात धरा. एखाद-दुसरा कण जुन्या इंजिनात असतोच. घडीघडीत चकाकी दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड: कॅम, टॅपेट, चेन. न चिकटणारी तांबूस किंवा करडी चकाकी बेअरिंगच्या शेलची (आतल्या पातळ अर्धगोल पत्र्याची). पांढरट कण अ‍ॅल्युमिनियमचे, बहुधा पिस्टनचे.

ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावता आलं तर उत्तम. गरम इंजिनावर दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा ढोबळ हिशेब. मात्र चार बेअरिंगपैकी एकच झिजलं असेल तर प्रेशर चांगलंही दिसू शकतं, त्यामुळे चांगल्या आकड्यावर निर्धास्त होऊ नका.

बिग एंड नक्की झालं तर इंजिन बंद ठेवा. जाड ऑइल टाकून आवाज दाबायचा आणि गाडी रेटायची, याला माझा ठाम विरोध आहे. त्यात शेलवर निभावलं असतं ते क्रँकवर जातं आणि शेवटी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. बऱ्याच पिकअपमध्ये इंजिन जागेवर असतानाच चेंबर उतरतं. बिग एंडची कॅप (बेअरिंगचा खालचा अर्धा भाग) काढण्याआधी प्रत्येक कॅप आणि रॉडवर पंचाने खूण करा, कारण कॅप त्याच रॉडला, त्याच दिशेने बसली पाहिजे. शेलचा करडा थर जाऊन तांबूस थर दिसत असेल तर शेल संपलं. क्रँकच्या जर्नलवरून (बेअरिंग बसतं त्या गोल भागावरून) नख फिरवा. गुळगुळीत असेल तर मापात आहे का ते मायक्रोमीटरने बघून त्याच मापाचं नवीन शेल टाका आणि प्लास्टिगेजने (दाबून चपट्या होणाऱ्या मेणासारख्या बारीक दोरीने) फट तपासा. नख अडकलं तर क्रँक काढून ग्राइंड करावा लागेल आणि ०.२५ मिमी अंडरसाइज (बारीक झालेल्या क्रँकसाठीचं) शेल लागेल.