आमची वाटचाल : रिब पुढे, लग मागे

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टायरचा धंदा सुरू केला तेव्हा त्याला दुकान म्हणावं असं काही नव्हतं. साक्रीबाहेर सुरतेच्या रस्त्याला, लिंबाच्या झाडाखाली एक लोखंडी पेटी, हवेची टाकी, टायर उचकटायच्या दोन टॉम्या, एक घण आणि ट्यूब बुडवून बघायला अर्धं कापलेलं टिपाड. लिंबाला एक फाटका टायर टांगलेला, त्यावर चुन्याने लिहिलेलं 'पंक्चर'. त्या राष्ट्रीय महामार्गाला तेव्हा सगळे सहा नंबर म्हणायचे. सरकारी कागदावर तो आता त्रेपन्न झालाय, पण जुने ड्रायव्हर फोनवर पत्ता सांगताना अजून 'सहा नंबरवर, लिंबाखाली' असंच सांगतात. लिंब मात्र रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला.

काम सगळं ट्रकचं. हजार-वीस, नऊशे-वीस साइजचे टायर. १९८६ साली टाटांची चारशे-सात आली आणि तिच्यामागून छोट्या मालगाड्या वाढत गेल्या, तसं आप्पांच्या पेटीतलं सामानही बदलत गेलं. पण त्यांचा एक नियम कधी बदलला नाही : रिब पुढे, लग मागे. सरळ लांब पट्ट्यांचा रिब टायर पुढे, कारण स्टिअरिंग तो ऐकतो. आडव्या जाड गुट्ट्यांचा लग मागे, कारण ओढायचं काम तिकडे. कुणी उलटं मागितलं तर आप्पा बसवून द्यायचे नाहीत, पैसे परत द्यायचे. आई म्हणायची, यांना धंदा कळत नाही.

मी आयटीआय करून आलो आणि पेटीचं दुकान केलं. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, मागच्या भिंतीला नवे टायर. उधारीची वही माझ्या काळात जाड झाली. पहिला दणका २००६ च्या फेब्रुवारीत बसला. नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, आणि पोल्ट्रीचा माल वाहणाऱ्या पिकअप एका आठवड्यात दारात उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्यांचे टायर आमच्या उधारीवरचे. कुणाच्या दारी जाऊन मागणार? गेलो नाही. त्यातले बरेच पैसे दोन वर्षांनी आले, काही आलेच नाहीत. त्याच सुमारास आमच्या तालुक्याच्या माथ्यावर, ब्राह्मणवेल-छडवेलकडे, पंखे उभे राहत होते. पवनचक्की कुणी म्हणत नाही इथे, पंखेच. त्या पंख्यांच्या देखभालीच्या गाड्यांनी आमचं दुकान तारलं, आणि ऑल-टेरेन टायर हा शब्दही त्यांच्यामुळेच आमच्याकडे आला.

ते पठार ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको. वर जाणारे रस्ते कंपन्यांनी स्वतःपुरते काढलेले, मुरूम टाकलेला, आणि मुरमातून वर आलेला काळा फत्तर. तो फत्तर तळाला काही करत नाही, टायरची बाजू चिरतो. तळातला खिळा निघतो, पंक्चर निघतं. बाजू चिरली की टायर गेला, तिथे पॅच धरत नाही आणि धरला तरी मी लावत नाही, कारण गाडी चालताना सगळी लवचीक हालचाल त्या बाजूतच असते. आठवड्याला दोन-तीन चांगले टायर भंगारात जायला लागले तेव्हा साइटचा इंजिनिअर म्हणाला, जाड बाजूचा ऑल-टेरेन मागवा. मी मागवला. गुट्टे मोठे, मधे खोल चिरा, खांद्यावरून बाजूवर उतरलेली नक्षी, आत कापडाचा जास्तीचा थर. आप्पांनी हात फिरवून बघितला आणि विचारलं, "हा रिब आहे की लग?" मी म्हटलं, दोघांचं लग्न लावलंय. आजही गिऱ्हाइकाला एटी, म्हणजे ऑल-टेरेन, समजावताना मी हेच सांगतो. संसार म्हटला की दोघांनाही थोडं सोडावं लागतं : डांबरावर तो रिबइतका गप्प नाही आणि डिझेलही जरा जास्त पितो, चिखलात लगइतका ओढत नाही. पण सकाळी डांबर, दुपारी मुरूम, संध्याकाळी पुन्हा डांबर अशी ज्याची रोजची फेरी आहे, त्याला दुसरा टायर मी सुचवणार नाही.

आता माझ्या चुकीचं सांगतो, कारण आमच्या दुकानाची खरी वाटचाल तिथून सुरू झाली असं मला वाटतं.

पंख्यावाल्यांच्या कॅम्पर गाड्यांचे रुंद, काटेदार टायर बघून पिंपळनेरचे एक दादा आले. कांद्याची गाडी, बोलेरो पिकअप, साधे सातशे-पंधरा टायर. कॅम्परकडे बोट दाखवून म्हणाले, "हाऊ टायर मन्ही गाडीले चाली का?" माझ्याकडे २३५/७५ आर १५ साइजचा सेट पडून होता. देखणा टायर. मी म्हटलं, चालेल की. पैसे ऐकून दादा म्हणाले, "सोनाना शे का काय?" आणि तरी घेतले. जुन्या रिमवर ते बसताना त्रास झाला. रिम साडेपाच इंची, त्या टायरला निदान सहाची हवी. तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबलो, सेट खपत होता ना.

तीन आठवड्यांनी, मे महिन्यात, सुरतेला कांदा घेऊन जाताना कोंडाईबारी घाटात मागचा डावा टायर फुटला. गाडी कडेच्या दगडाला टेकली म्हणून वाचली. ड्रायव्हरच्या गुडघ्याला मार बसला, कांदा सगळ्या वळणावर पसरला. मी मोटरसायकल काढून गेलो. फुटलेल्या टायरची बाजू गोल फाटलेली, आतलं रबर जळाल्यासारखं, हाताला चिकटत होतं. तिथे उकिडवं बसून मी पहिल्यांदा तो आकडा नीट वाचला.

साइज संपली की पुढे एक लहान आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा म्हणजे एका टायरची वजनाची ऐपत, अक्षर म्हणजे वेगाची. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०९ म्हणजे १०३०, ११८ म्हणजे १३२० आणि १२१ म्हणजे १४५०. आकडा पावलापावलाने चढतो आणि वजन उड्या मारत. दादांच्या गाडीला मी लावलेला टायर १०५ चा होता, माणसं बसवणाऱ्या एसयूव्हीसाठी बनवलेला. मागचे दोन मिळून १८५० किलो. गाडीत त्या दिवशी तीन टन कांदा, म्हणजे मागच्या आखावर गाडीच्या वजनासकट तीन टनांच्या वर भार. पासिंगप्रमाणे पावणेदोन टनच भरला असता तरी तो टायर अपुराच होता. ओव्हरलोड दादांचा होता, चूक माझी होती. टायर कंपनीकडे भरपाईच्या क्लेमचा अर्ज मी केला नाही, कुठल्या तोंडाने करणार. उरलेले तीन टायर परत घेतले आणि खरेदीच्या भावात त्यांना एलटीचा सेट दिला. आप्पा त्या दिवशी मला काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

एलटी म्हणजे लाइट ट्रक. पिकअपवर माल वाहायचा असेल तर टायरवर ही दोन अक्षरं, किंवा साइजमागे सी, आणि वजनाचा जोड-आकडा दिसला पाहिजे, १२१/११८ असा. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा मागे जोडचाक असेल तेव्हाचा. लोक अजून विचारतात, किती प्लायचा? दहा प्लाय म्हटलं की आत दहा थर असतील असं वाटतं त्यांना. तसं नसतं. सुती दोऱ्यांचे टायर बनायचे त्या काळातलं ते माप आहे. आता दोरा बदलला, थर कमी झाले, ताकदीचा दर्जा सांगायला नाव तेवढं उरलं.

आणि एलटी टायर घेऊन भागत नाही. तो आकडा पूर्ण हवेवरचा असतो. दहा प्लायचा टायर साधारण ऐंशी पौंडाला आपली पूर्ण ऐपत दाखवतो. त्यात कुणी कारसारखी पस्तीस भरून दोन टन माल टाकला तर महागडा टायर घेऊनही घाटात फुटायचा तो फुटणारच. कमी हवेत बाजू जास्त दबते, दबून तापते, तापून आतले थर सुटतात. टायर उन्हाने फुटला असं आपण म्हणतो. ऊन निमित्त असतं, आधीपासून कमी असलेली हवा खरं कारण असते. दुसरं म्हणजे हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. पाच-सहा अंश तापमान वाढलं की पौंडभर हवा आपोआप वाढते. दुपारी तापलेल्या टायरची 'जास्त झालेली' हवा सोडणारे आमच्या रस्त्यावर अजून भेटतात. त्यांना मी चहा पाजतो आणि निम्मं समजावतो, बाकीचं निम्मं ते ऐकत नाहीत.

आता ऑल-टेरेन कुणी घेऊ नये तेही सांगतो. याने गिऱ्हाईक जातं, पण सांगतो. तुमची गाडी साक्री-धुळे-सुरत अशी डांबरावरच धावत असेल तर एटीचे पैसे वाया. साधा एलटी टायर जास्त किलोमीटर देईल, पावसात ब्रेकही चांगला धरेल. काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमधे गाडी घालायची असेल तरी एटीवर भरवसा ठेवू नका. आपली काळी माती ओली झाली की गुळासारखी चिकटते, एटीच्या चिरा दहा पावलांत भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. मोठ्या फटींचा मड टायर माती फेकतो तरी, पण डांबरावर असा रडतो की ड्रायव्हर वैतागून काढून टाकतो. शेतातून माल काढायला ट्रॅक्टर आहे, त्याला काढू द्या. मुरूम, खडी, नदीतला गोटा, सातपुड्यातल्या धडगाव-तोरणमाळकडच्या वाटा, तिथे एटीने पैसे वसूल होतात.

टायरच्या बाजूवर कधी तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी कोरलेली असते. एका पोराने त्या चांदणीसाठी दोन हजार जास्त द्यायची तयारी दाखवली होती, काहीतरी भारी असेल म्हणून. बर्फातल्या पकडीची खूण आहे ती. आमच्याकडे मे महिन्यात डांबर पघळतं.

मोठा टायर टाकून गाडी उंच करायचं खूळही फार. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ टाकला तर टायरची उंची ७०३ मिलिमीटरवरून ७३३ होते. म्हणजे जमिनीपासूनची उंची वाढली पंधरा मिलिमीटर, बोटाच्या जाडीएवढी. बदल्यात मीटर खोटं बोलायला लागतं : मीटरवर साठ असताना गाडी बासष्ट-त्रेसष्टने पळते, स्टिअरिंग जड होतं, पूर्ण वळवलं की आत घासतं ते वेगळंच. आणि चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीला फक्त मागे दोन नवे मोठे टायर टाकणारे तर हात जोडून परत पाठवतो. नंदुरबारकडच्या एका ठेकेदाराने दुसरीकडून असं करून घेतलं होतं. पुढची-मागची चाकं वेगळ्या हिशेबाने फिरतात, मधला गिअरबॉक्स तो फरक सोसतो, आणि एक दिवस सोसत नाही. चार लावा, जमल्यास स्टेपनीसकट पाच, आणि आठ-दहा हजार किलोमीटरला त्यांच्या जागा आपसात फिरवून घ्या. एटीचे गुट्टे नाहीतर करवतीच्या दातासारखे घासतात, मग आवाज आला की लोक बेअरिंग बदलत बसतात.

पुढची वर्षं भराभर सांगतो. २०१७ ला जीएसटी आला, टायरवर २८ टक्के. २०२० च्या जूनमधे नव्या टायरच्या आयातीला परवाना लागायला लागला, आणि परदेशी एटीची वाट बघणारी चार-पाच गिऱ्हाइकं महिनोन्‌महिने लटकली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण त्यानंतर देशी कंपन्यांचे एटी मी जास्त निरखून पाहिले आणि आपल्या फत्तराला ते बरे टिकतात असं माझं मत झालं. २०२५ च्या २२ सप्टेंबरला कर १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचा महिनाभर दुकानात माशी फिरकली नाही. सगळे भाव उतरायची वाट बघत, झिजून गोटा झालेल्या टायरवर गाड्या चालवत होते. त्या महिन्यात पंक्चरच काय ती जोरात होती.

आता काउंटरला माझी पुतणी बसते. नवा टायर दाखवण्याआधी ती विचारते : गाडी कुठली, माल किती, खरा किती, आणि शंभरातले किती किलोमीटर डांबराबाहेर? 'खरा किती' हा प्रश्न तिने घातलाय. जुनी माणसं कुरकुरतात, "टायर दखाड ना बेटा, चौकशी काय करस?" ती हसते आणि पुन्हा विचारते. बनावटीची तारीखही तीच वाचून दाखवते, बाजूवरचे शेवटचे चार आकडे : २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. गेल्या वर्षी तिने आलेल्या मालातले सहा टायर जुने म्हणून परत पाठवले, मी नको म्हणत असताना.

पिंपळनेरचे दादा अजून येतात. चष्मा कपाळावर, मोबाइलची बॅटरी लावून आधी तो लहान आकडा वाचतात, मग मला पान्याला हात लावू देतात. या दिवाळीत मुलाला घेऊन आले होते. मुलाची नवी पिकअप, त्याला एटीच हवे. कुठे चालवतो विचारलं तर पिंपळनेर ते सुरत, सगळं डांबर. मी नको म्हटलं, दादांनीही नको म्हटलं. त्याने चार दिवसांनी धुळ्याहून टाकून आणले. आकडा बघितला, १२१/११८, बरोबर होता. हवा भरायला मात्र आमच्याकडेच येतो, आणि दर वेळी विचारतो, काका, हे एवढा आवाज का करतात?