बारशाच्या आहेरात कारसीट

डिसेंबर २०२२. अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला बर्फ पडायला लागला होता आणि माझे दिवस भरत आले होते. तपासणीच्या वेळी नर्सनं विचारलं, "कारसीट बसवून झाली ना?" मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत रडत राहिले. बाळाला गाडीत पट्ट्यांनी बांधून बसवायची ती छोटी सीट आम्ही घेतलीच नव्हती. नवऱ्याची पीएचडी चालू, माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. भाडं आणि किराणा गेला की हातात काही उरत नसे. ओळखीच्या एका बाईकडे जुनी सीट होती, पण तिलाही ती दुसऱ्याकडूनच आलेली. त्या गाडीला कधी धडक बसली होती का, हे तिला सांगता येईना. मोठा अपघात सोसलेली सीट वरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नसते.

इंदूरला आमच्या रामबागेत बाळंतीण घरी येते ती बाळाला दुपट्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन. मी जन्मले तेव्हा मीही तशीच घरी आले होते. त्यामुळे ही वस्तू नसल्यानं एवढा जीव टांगणीला लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

ओहायोत यासाठी 'ओहायो बकल्स बकआइज' नावाची सरकारी योजना आहे. कमी मिळकतीच्या घरांना ती सीट देते आणि वापरायची कशी हेही शिकवते. तिच्यामागचा पैसा कुठून येतो हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मुलांना सीटशिवाय गाडीतून नेणाऱ्यांना होणारा दंड एका वेगळ्या निधीत जमा होतो आणि त्यातून गरजू घरांसाठी सीटा घेतल्या जातात.

आम्हाला एका फायर स्टेशनवर बोलावलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी सीटला हातही लावला नाही, सगळं आमच्याकडून करून घेतलं. नवऱ्यानं सीटच्या तळावर गुडघा रोवून पट्टा ओढला. मग पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवून पाहायचं, इंचभराहून जास्त सरकता कामा नये. मला त्यांनी एक बाहुली दिली. तिला बसवून खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडायचा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे. माझ्या चिमटीत तीनदा घडी आली, चौथ्यांदा बोटं नुसती घसरली. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत हवी. जाड जाकीट घालून बांधायचं नाही, आधी पट्टे आणि वरून पांघरूण. मी भीत भीत विचारलं, "ही फुकटची म्हणजे जरा साधी असेल ना?" त्या म्हणाल्या, इथे विकली जाणारी प्रत्येक सीट एकाच सरकारी मानकात बसावी लागते, मग ती साठ डॉलरची असो की पाचशेची. ते वाक्य ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

मांडीवरच्या बाळाचं म्हणाल, तर ताशी ५० किलोमीटरच्या वेगात धडक बसली की दहा किलोचं मूल हातांना क्षणभर दोनशे किलोंचं होतं. कुठल्या आईचे हात तेवढं पेलतील? अमेरिकेतही हे सहजासहजी कुणाला पटलं नव्हतं. टेनेसीतले बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांच्या खटपटीनं तिथे कारसीटचा देशातला पहिला कायदा झाला, तो १९७८ पासून लागू झाला. पण त्यात 'मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल तर चालेल' अशी पळवाट होती. ती काढून टाकायला १९८१ उजाडलं. आता अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचे आकडे सांगतात की नीट बसवलेल्या सीटमुळे वर्षाखालच्या बाळाच्या जिवाचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो.

आपल्याकडेही कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय नेलं तर एक हजार रुपये दंड आहे. पण ज्याची ऐपत नाही त्याला सीट कोण देणार? दंडाची पावती फाडून मूल सुरक्षित होत नाही. ओहायोसारखा तो पैसा आपल्याकडेही सीटांसाठी वेगळा काढावा, असं मला मनापासून वाटतं. (ज्यांच्याकडे फक्त स्कूटर आहे त्यांचा प्रश्न तर आणखी अवघड.)

गेल्या जानेवारीत इंदूरला आले ती दादाच्या मुलीच्या बारशाला, लोकमान्य नगरात. गाडी नवी, हप्ते चालू. पुढच्या सीटवर वहिनी, मांडीवर बाळ आणि समोर एअरबॅग. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. दादा म्हणाला, "अगं, बघितली होती मी, साडेसहा हजार. आत्ता कुठून आणू?"

त्याच रात्री मी आत्यापासून सगळ्यांना फोन केले. चांदीची वाटी, वाळे, झबली आणूच नका, प्रत्येकी पाचशे द्या. आत्या आधी नाराज झाली, "बारशाला चांदी नको म्हणतेस?" मग तिनंच सर्वांत आधी पैसे पाठवले. तेरा घरांचे साडेसहा हजार झाले.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात सीट बसवली. दादाला मागच्या गादीच्या फटीत बोटं घालायला लावली. "लागली!" तो ओरडला. आयसोफिक्सची, म्हणजे कारसीट गाडीला अडकवायची लोखंडी कडी होती ती, गाडी घेतल्यापासून तिथेच, कुणाला माहीत नव्हती. बाळाचं तोंड मागच्या बाजूला करून बसवलं तेव्हा आजी म्हणाली, "मग तिला मी दिसणार कशी?" तिला शेजारी बसवलं. उज्जैनपर्यंत पंचावन्न किलोमीटर आजी बाळाचं बोट धरून होती.

सीटच्या पाठीवर तिची मुदत छापलेली असते. दादानं ती तारीख खोक्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिली आणि खाली "अपघात नाही" असंही. धाकट्या मावसबहिणीला जूनमध्ये दिवस भरतात. आमच्या घरातला पाळणा चार पिढ्या फिरला, तशी ही सीट तिच्याकडे जाईल तेव्हा तिला कुणाला काही विचारावं लागू नये, म्हणून.