यती हलला पाहिजे

शनिवार, रात्र

आज जेवून हात वाळले तरी मी आणि भाचा ताटावरून उठलो नाही. वाद एकच: थीम पार्कमधल्या राइडला गोष्ट लागते का? तो म्हणाला, "आत्या, लोक तिथे पोटात गोळा यावा म्हणून जातात, कथा ऐकायला नाही." आणि उदाहरणही तगडं दिलं, कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधल्या हाँटेड मॅन्शनचं. १९६९ साली सुरू झालेली भुतांची हवेली. तिच्या रचनाकारांपैकी मार्क डेव्हिसला तिथे गमती हव्या होत्या, क्लॉड कोट्सला अंगावर येणारं वातावरण. दोघांचंही थोडंथोडं राहिलं, सलग कथानक झालंच नाही. तरी लोक अजून रांगा लावतात.

हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या हवेलीने कथानकाचा शब्दच दिलेला नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम पार्कमधली एक्स्पेडिशन एव्हरेस्ट ही रोलरकोस्टर तो शब्द देते, म्हणून तिचा हिशोब वेगळा मांडायला हवा.

तिची रांग मला राइडइतकीच आवडते. हिमालयातल्या एका काल्पनिक गावात आपण शिरतो. सहली नेणाऱ्या कंपनीचं बुकिंग ऑफिस, यतीचं, म्हणजे दंतकथेतल्या हिममानवाचं देऊळ, मग यतीच्या खाणाखुणांचं छोटं संग्रहालय. चहा कंपनीच्या जुन्या आगगाडीतून आपल्याला डोंगरात न्यायचंय. कुणी भाषण देत नाही, पण गाडीत बसेपर्यंत कळलेलं असतं की या डोंगराला राखणदार आहे आणि आपण त्याच्या हद्दीत चाललोय. चढ संपतो तिथे रूळ उखडून पिळलेले. गाडी थांबते आणि अंधारातून उलटी सुटते. पुन्हा थांबते, तेव्हा भिंतीवर रूळ उपटणारी यतीची सावली. इथवर राइड एक शब्दही वाया घालवत नाही.

आणि शेवटी साक्षात यती, सुमारे २५ फुटी. एप्रिल २००६ मध्ये राइड सुरू झाली तेव्हा तो गाडीच्या अंगावर झेपावायचा. काही महिन्यांतच ती हालचाल बंद पडली. तेव्हापासून लुकलुकत्या दिव्यांनी तो हलल्याचा भास करतात. चाहते त्याला 'डिस्को यती' म्हणतात. राइडचे मुख्य रचनाकार जो रोहडी यांनी २०१३ मध्ये चाहत्यांसमोर त्याला दुरुस्त करायचा शब्द दिला होता. ते २०२१ च्या सुरुवातीला डिस्ने कंपनीतून निवृत्त झाले, यती तसाच राहिला.

भाच्याचं म्हणणं, पहिल्यांदा बसणाऱ्याला हे कळतही नाही. न कळेना! डोंगराची उंची २०० फुटांच्या जराशी आत ठेवली, कारण त्यापुढे विमानांसाठी माथ्यावर दिवा लावावा लागला असता आणि हिमालयाच्या माथ्यावर दिवा शोभला नसता. डोंगर, रूळ आणि यती यांचे सांगाडेसुद्धा एकमेकांना टेकू न देता उभे केले. इतका बारीक विचार झालेल्या कामाला 'चालतंय की' हे माप लावणं मला पटत नाही. राइडमधली गोष्ट कागदावर नसते, ती यंत्रात असते. यंत्र थांबलं की त्या जागी गोष्टही थांबते.

यावर तो म्हणाला, मग राइडच बंद ठेवायची का? नाही. ती सावली आजही उत्तम काम करते. यती दुरुस्त होणार नसेल तर तो काढावा आणि सावलीवरच गोष्ट संपेल अशी शेवटाची मांडणी नव्याने करावी. अर्धामुर्धा यती मात्र मला नको.