ल्हासाला कुठल्या कप्प्यात ठेवायचं

ल्हासा दे सेला ही गायिका नक्की कुठल्या कप्प्यात बसते हे बहुतेक कुणालाच कळलं नसावं, म्हणून तिला वर्ल्ड म्युझिकमध्ये, म्हणजे देशोदेशीचं संगीत भरायच्या त्या कप्प्यात, टाकून सगळे मोकळे झाले. २००५ साली बीबीसीनं तिला अवॉर्ड दिलं तेही वर्ल्ड म्युझिकचंच. आता बघा, जन्म १९७२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बिग इंडियन नावाच्या गावातला, वडील मेक्सिकन, आई अमेरिकन, पहिला अल्बम अख्खा स्पॅनिशमध्ये पण केला कुठे तर कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या मॉन्ट्रियलमध्ये, आणि नाव तिबेटच्या राजधानीचं! पाच महिन्यांची होईपर्यंत तिला नावच नव्हतं म्हणे, आई तिबेटवरचं पुस्तक वाचत होती, त्यातनं उचललं.

खरं सांगायचं तर मला फ्यूजनचा जरा वैतागच आहे. सतार चालू असते, मधेच ड्रम्स घुसतात, दोघं वादक एकमेकांकडे बघून हसतात आणि पब्लिक टाळ्या पिटतं. ल्हासाच्या गाण्यात रांचेरा म्हणजे मेक्सिकोतलं लोकप्रिय पारंपरिक गाणं असतं, जॅझ असतं, पूर्व युरोपातल्या जिप्सी बँडसारखं व्हायोलिन असतं, पण कुणी कुणाकडे पाहुणा आलाय असं वाटत नाही. बेळगावकडच्या घरात एकच वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतं आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो ना, तसं आहे ते.

आणि याचं कारण मला तरी ती बस वाटते. आईवडिलांनी एका जुन्या स्कूलबसचंच घर केलं होतं आणि त्यात पोरींना घेऊन कित्येक वर्षं अमेरिका-मेक्सिको असं हिंडत होते. टीव्ही नाही, शिक्षण आईकडेच, मग संध्याकाळी काय करणार तर बहिणी एकमेकींना नाटकं करून दाखवायच्या, गाणी म्हणायच्या. वाचायला फार रोमँटिक वाटतं, पण पावसात सगळं कुटुंब एका बसमध्ये कोंडलं की काय होत असेल याचा विचार केला की मला तिच्या आईचीच जास्त काळजी वाटते. असो. तेराव्या वर्षी ही मुलगी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका ग्रीक कॅफेत जॅझ गायिका बिली हॉलिडेची आणि मेक्सिकन गाणी गायला लागली. एकोणिसाव्या वर्षी मॉन्ट्रियलला गेली, बहिणी तिथे सर्कसचं शिक्षण घेत होत्या त्यांना भेटायला, आणि राहिली ती राहिलीच. मग ईव देरोझिए नावाचा गिटारवाला भेटला आणि दोघं काही वर्षं बारमधून वाजवत राहिले.

१९९७ मध्ये ‘ला योरोना’ आला. योरोना म्हणजे मेक्सिकन दंतकथेतली नदीकाठी रडत फिरणारी बाई. पहिलंच गाणं लावा, त्यात एक बाई भिंतीकडे तोंड करून रडतेय, व्हायोलिन खालच्या पट्टीत घोटाळतंय आणि ल्हासाचा तो जाड, किंचित खरखरीत आवाज अजिबात घाई करत नाही. मला स्पॅनिश ओ की ठो कळत नाही, कॅनडातल्या कित्येकांनाही कळत नसणार, तरी हा अल्बम तिथे प्लॅटिनम झाला, म्हणजे तुफान खपला.

आता आपण काय केलं असतं? लगेच दुसरा काढला असता, जाहिराती, टूर, सगळं. ही बया उठली आणि फ्रान्सला बहिणींच्या सर्कसमध्ये जाऊन गायला लागली! याला लोक ब्रेक घेतला म्हणतात, मला ते पटत नाही. ती परत त्या बसमध्येच जाऊन बसली होती असं माझं मत आहे, कारण पुढे मार्सेयला राहून गाणी लिहिली आणि २००३ मध्ये ‘द लिव्हिंग रोड’ आला त्यात स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी तिन्ही भाषा आल्या आणि कुठेही शिवण दिसत नाही.

तिसरा अल्बम २००९ चा, नाव नुसतं ‘ल्हासा’, सगळा इंग्रजीत, मॉन्ट्रियलमध्ये जुन्या पद्धतीनं टेपवर रेकॉर्ड केलेला. तोवर तिला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ठरलेली टूर रद्द करावी लागली. १ जानेवारी २०१० ला मॉन्ट्रियलमध्येच गेली, वय सदतीस. तीन अल्बम, बस्स.

ऐकायचं असेल तर सरळ दुसऱ्यापासून सुरू करा. पहिला फार भारी आहे पण त्यात दुःख जरा ओसंडून वाहतं, एकदम झेपत नाही. तिसरा नंतर, सावकाश. आणि मोबाईलच्या स्पीकरवर प्लीज नको, त्या आवाजाचा सगळा खालचा भाग गायब होतो.