सरळ बघितलं की जातंय

डिसेंबरातली अमावास्या, चाळकेवाडीचं पठार, तीस पर्यटक. कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ दाखवून झाल्यावर मी माझी लाडकी दीर्घिका लावली, यादीतलं नाव एनजीसी १३६५. ती दक्षिणेकडच्या अश्मंत तारकासमूहातली. साताऱ्यातून फार तर ३६ अंश वर चढते, म्हणून साडेदहाची वेळ साधावी लागते. यमुना तारकासमूहाच्या वळणांवरून खाली उतरायचं, तीन मंद ताऱ्यांचा चिमुकला त्रिकोण पकडायचा आणि तिथून दीड अंश पूर्वेला सरकायचं. माझ्या दहा इंची दुर्बिणीला मोटर नाही. ही वाट हाताला पाठ आहे.

लोक शेकोटीवरून उठून आले, हातात मोबाइल. "एवढंच? धुरकट ठिपका?" अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो, हे आयोजकांना दर वेळी सांगतो. शेकोटी तरी पेटतेच. याला आकाशदर्शन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सगळे तंबूत गेल्यावर राखणदार मामा जवळ आले. बॅटरी न लावता रात्रभर फिरणारा माणूस. "मी बगू का?" म्हणाले. बराच वेळ वाकून राहिले.

"सरळ बगितलं की जातंय. कडंनं बगितलं की येतंय."

तिरप्या नजरेनं बघायचं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मंद उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो, हे शिकवायला मला एकेका गटामागं दहा मिनिटं लागतात.

"मधी आडवा दांडा हाय. एका टोकाला इळ्यागत वाकलंय."

मी बोटानं मातीत काढायला सांगितलं. लाल बॅटरीत फोटो शेजारी धरला. माझ्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून फोटो फिरवला. विळा त्याच टोकाला, त्याच अंगाला वळलेला. पाच कोटींहून जास्त वर्षांपूर्वी निघालेला उजेड, आणि तो आकार त्यांनी फोटो बघण्याआधी काढला होता. दांड्याचं टोक मला नीट दिसायचं, वळण कधीच नाही. त्या रात्रीही दिसलं नाही. मी लाल का होईना, उजेडात वावरत होतो.

"ह्यो दांडा कशाला आसतोय?"

त्याच्यावरून वायू मधल्या गाभ्याकडं वाहत जातो, म्हटलं, पाटानं पाणी जावं तसा. तिथं कृष्णविवर आहे.

मामांनी पुन्हा डोळा लावला.

पुढच्या कार्यक्रमाला शेकोटी शेवटी पेटवा, असं आयोजकांना लेखी कळवलंय. मामांना पहिल्यांदा बघू द्या, हेही.